दोन मोर्च्यांची एक पंगत

मोर्चा, पोलिस, घुसखोर, दगडफेक. हे शब्द कानावर पडले की तुमी चष्मा पुसून, पाठ ताठ करून बसता, हे मला चांगलं ठाऊक हाय. आता कुणाचं तरी डोकं फुटणार, टायर जळणार, आन शेवटी कुणीतरी देशाबद्दल दोन शब्द बोलणार, असं वाटायलं असन तर आत्ताच सांगतो, तसलं काय बी न्हाई. आमच्या गावातल्या दंगलीत फुटला तो एक द्रोण. त्यातला मठ्ठा पोलिस साहेबाच्या पँटीवर सांडला. जखमी म्हणायचं तर तेवढी पँट.

आन लोक मला आवाज काढणारा म्हून वळखतेत. त्यामुळं तुमाला असं बी वाटलं असन की ह्यानं कुण्या मोठ्या साहेबाचा आवाज काढून ठाण्यात फोन लावला आन धरून नेलेला गडी सोडवला. लावला असता की! पण मंग हे मी घरी बसून लिहिलं नसतं, सरकारी डाळ खाऊन लिहिलं असतं. मी दिसतो येडा, पण तेवढा न्हाई.

आवाजाचं याड मला शाळेपासनं. सातवीत असताना हापिसातला माइक उघडा सापडला, तर मी हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केलती. पोरं गेली, मास्तर गेले, शिपायानं घंटा दिली. खुद्द हेडमास्तर पिशवी घेऊन गेटपर्यंत आलते, मंग त्यांच्या ध्यानात आलं की आपण तर काय बोललोच न्हाई. त्या दिवशी जो मार पडला त्याचा बी आवाज मी हुबेहूब काढतो.

आता कामधंदा म्हणाल तर लग्नात माइक धरतो. गेवराई रोडला लागून आमच्या तालुक्याच्या गावात दोन मंगल कार्यालयं हायत. दोन्हीकडं आहेर पुकारायला, हरवलेल्या लेकराची आई शोधायला, आन मुख्य म्हंजे पंगत बसवायला मीच. "चला मंडळीऽऽ, पुरुषांची पंगत बसतीय, हात धुवून घ्या, मागं ऱ्हाऊ नका!" हे मी एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या आवाजात म्हणतो. तो गेला, आवाज ठेवून गेला.

तर ह्या सगळ्या गोष्टीत खरा माणूस मी न्हाई, आमचा बंगाली दादा हाय.

दादा सोन्याचा कारागीर. बंगालमधून आला तवा मी बालवाडीत व्हतो म्हणतेत. आमच्या सराफ्यातल्या दुकानाला नाव कुणाचं बी असू द्या, आत बसून मणी वळणारा, वाट्या ठोकणारा, डाग देणारा बंगालीच असतो. दादा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. बायको, एक पोरगी. वहिनीनं मराठी सराफ्यातल्या पोरांचं ऐकून ऐकून उचलली, म्हून ती बायामाणसासंग बी 'बे' म्हणती. "भाजी कशी दिलीस बे मावशी?" असं ती बाजारात इचारती, आन मावशी बी तिला बरुबर भाव सांगती.

सालभर टीव्हीवर आन मोबाइलवर बाहेरच्या देशातून आलेल्या लोकांचं चालूच व्हतं. ते आमाला लांबचं वाटायचं. मंग एक दिवस वरून आदेश आला की बंगाली बोलणाऱ्यांचे कागद तपासा. आमच्या गावात बंगाली बोलणारे म्हंजे सराफ्यातले पाच-सहा कारागीर. बाकीचे सुट्टीला गावी गेलते. दादा हितंच व्हता, कारण लग्नसराई. साहेबानं त्याला ठाण्यात नेलं, त्याच्या सराफ्यातल्या कामाच्या खोलीला सील ठोकलं, आन कागद मागितले. दादानं आधार दिलं, मतदान कार्ड दिलं, पोरीचा शाळेचा दाखला दिला. साहेब म्हणला, "कागद दिसायला बरोबर आहेत. पण तुझ्या गावच्या ठाण्याचा मेल येऊ दे."

मेल काय येईना. तिकडच्या ठाण्यात बी आपल्यासारखंच असन, साहेब जेवायला गेले असतान.

मी वहिनीसंग डबा घेऊन ठाण्यात गेलतो. दादा बाकावर बसून एका शिपायाच्या बायकोची नथ दुरुस्त करायलता. शेजारी अजून दोन शिपाई आपापली चेन घेऊन नंबरला उभे. कोठडीत न्हाई टाकलं ते एक बरं, पण घरी बी सोडंनात. पैल्या दिवशी हसायलेला दादा तिसऱ्या दिवशी गप झालता. त्यानं डबा उघडला, पोळी हातात घेतली आन परत ठेवली. म्हणला, "भाऊ, संध्याकाळी गाडी बीडला जानार मोनतात. तितून कुठं नेनार, कोणी सांगत नाय."

साहेब तसा वाईट न्हाई. कोल्हापूरकडचा. त्याला आमची भाजी तिखट लागंना म्हून वैतागलेला असायचा, तेवढंच. तो वहिनीला म्हणला, "हे बघा ताई, मलाही वरून विचारतात. गावातली दोन मोठी माणसं येऊन सांगू देत की आम्ही याला ओळखतो, याची जबाबदारी आमची. मेल येईपर्यंत मी याला घरी राहू देतो. नाहीतर संध्याकाळी बीडला पाठवावाच लागेल."

"मोठी म्हंजे किती मोठी?" मी इचारलं.

"ज्यांच्यामागे माणसं चालतात, एवढी."

आता आमच्या गावात ज्यांच्या मागं माणसं चालतेत असे दोनच. एक तात्या आन एक नाना. आन नेमका त्याच दिवशी दोघांचा बी मोर्चा व्हता. तात्याचा मोर्चा 'बाहेरच्यांना हाकला' म्हून. नानाचा मोर्चा 'गरिबाचा छळ थांबवा' म्हून. दोघांला बी एवढा चांगला मुद्दा दुष्काळानंतर पैल्यांदाच गावलता.

मी आधी तात्याकडं गेलो. जायाला मला अडचण नव्हती, कारण मी तात्याच्याच कामावर व्हतो. तात्याचा गळा बसलेला. तीन दिवस गावोगाव भाषणं करून त्याच्या तोंडातनं नुसती हवा यायलती, सायकलच्या ट्यूबसारखी. म्हून रिक्षावर भोंगा लावून तात्याच्या आवाजात बोलायचं काम मला दिलतं. "बांधवांनोऽऽ" असं म्हून मधी एक खाकरायचं, की झाला तात्या. लोकांला पत्ता लागंना. म्हातारी माणसं भोंग्याला नमस्कार करायची.

तात्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसलता. मी सांगितलं, असं असं हाय, दादाला तुमी वळखता, दोन शब्द बोला.

तात्यानं पाणी थुकलं आन फुसफुसला, "वळखतो की बे. माझ्या पोरीचं सगळं सोनं त्यानंच केलंय. लई गरीब माणूस."

"मंग चला की."

"आरं पण आज मोर्चा हाय ना त्याच्याच विरोधात! उद्या ये. उद्या मोकळाच हाय मी."

"उद्या तो बीडला गेलेला असन, तात्या."

"मंग बीडला फोन करू," असं म्हून त्यानं परत गुळणी भरली. तोंडात पाणी असलेल्या माणसासंग कोण वाद घालनार?

तितनं मी नानाकडं पळालो. नाना म्हंजे आपल्या बाजूचाच, असं मला वाटायलं. त्याचं काम बी मीच केलतं. त्यानं इचारलं व्हतं, 'तात्याचा आवाज तू काढतूस म्हणं?' मी न्हाई म्हणलो न्हाई, तर म्हणला, 'मंग माझा कावून न्हाई काढत? मी काय मेलो का?' नाना नाकात बोलतो आन दर वाक्याला 'म्हंजे बघा' म्हणतो. मी आदल्या दिवशी त्याच्या रिक्षासाठी अर्ध्या तासाचं भाषण मोबाइलवर भरून दिलतं.

नाना आरशापुढं फेटा बांधून घ्यायलता. मी म्हणलं, "नाना, साहेब तयार हाय. तुमी नुसतं ठाण्यात चला, दादा आत्ताच्या आत्ता सुटतो."

नानाच्या तोंडावरचा रंगच गेला.

"आत्ताच्या आत्ता?"

"हो."

"म्हंजे बघा... आरं लेका, त्याला सोडवायसाठीच तर मोर्चा काढलाय. तो आत्ताच सुटला तर मी मोर्चा कशाचा काढू? हायवा ट्रकातल्या वाळूचा? ट्रॅक्टर सांगितलेत, माणसं सांगितलीत, पत्रकार आलेत चहा पिऊन बसलेत."

"पण संध्याकाळी गाडी हाय, नाना."

"मोर्चा ठाण्यावर जाईलच की. मंग निवेदन देऊ, मंग साहेब बोलतान, मंग मी बोलन, मंग बघू. म्हंजे बघा, घाई करू नको. लोकशाहीत घाई न्हाई करायची."

एकाला दादा बाहेरच्या देशात पायजे आन दुसऱ्याला ठाण्यात. घरी कुणालाच नको व्हता.

तिसरा एक माणूस दादाच्या मागं लागलता, पण त्याच्या मागं कुणी चालत नव्हतं. तो म्हंजे त्या दिवशीच्या लग्नातल्या नवरीचा बाप. आमच्याच गल्लीतला शेतकरी माणूस, लेकीचं लगीन चौकाच्या मागच्याच मंगल कार्यालयात धरलेलं. नवरीची आई तीन सालापूर्वी गेलेली. तिच्या गळ्यातल्या पुतळ्या मोडून दादाकडं मणीमंगळसूत्र टाकलतं. आन ते नेमकं सील लावलेल्या खोलीत पडलेलं. साहेब म्हणतो, तपास व्हईपर्यंत खोलीतल्या वस्तूला हात लावता येणार न्हाई. सराफ म्हणला, दुकानातलं दुसरं घालून लगीन लावा, मागनं बदलू. बाप म्हणला, "न्हाई. आईचं सोनं लेकीच्या गळ्यात पडलं तर लगीन, न्हाई तर बसा." सगळे बसलेच. मुहूर्त टळला, भटजी पेपर वाचायला, नवरदेव घामेजला, सैपाक तयार.

मी त्याच लग्नात माइक धरणार व्हतो. पण तात्याच्या रिक्षात अडकलो.

दुपारी दोन्ही मोर्चे निघाले. तात्याचा खालच्या वेशीकडनं, नानाचा बसस्टँडकडनं. दोन्ही मोर्च्यात माणसं तीच ती. साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हंजे हंगाम संपून, ऊसतोडीला गेलेले लोक कर्नाटकातनं, सांगलीकडनं परत आलते. हंगामभर तिकडं पालात राहून 'बीडवाले' म्हून शिव्या खाल्ल्या, आन आता घरी येऊन बाहेरच्याला हाकलायला आले व्हते. एक मुकादम तर माझ्या रिक्षाच्या दांडीला धरून चालायला. मी म्हणलं, "मामा, तुमी कोणत्या मोर्च्यात?" म्हणला, "सकाळी नानाच्या ट्रॅक्टरात बसलतो. पण तितं ऊन लई लागायलं."

चौकात दोन्ही मोर्चे समोरासमोर आले. हिकडं माझी रिक्षा, समोर नानाची रिक्षा. मधी साहेब आन चार शिपाई.

मी तात्याच्या आवाजात सुरू केलं, "बांधवांनोऽऽ, खुं खुं, हे गाव आपलं हाय!"

समोरच्या भोंग्यातनं नाना नाकात म्हणला, "म्हंजे बघा, गाव सगळ्यांचं असतंय!"

"कोण म्हणतो सगळ्यांचं?" मी वराडलो.

"मी म्हणतो!" समोरून आलं. ते काय माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, रेकॉर्डिंगमधलं पुढचं वाक्य व्हतं, पण असं चपखल बसलं की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मलाच राग आला. मी तात्या म्हून नानाला असा झापला, आन समोरून नानानं मला असा चिमटा काढला की, देवाशप्पथ, आपल्याच आवाजासंग एवढं कडाकडा भांडलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसन. रिक्षावाला मागं वळून म्हणला, "बे, समोरचा तुज्यापेक्षा भारी बोलायलाय." त्याला काय सांगणार?

पण लोक खरंच तापले. नानाच्या बाजूनं एक चप्पल आली. तात्याच्या बाजूच्यानं ती उचलून बघितली, चांगली हाय म्हून पायात घातली, आन आपली जुनी तिकडं फेकली. त्यावर ते लोक खवळले. मंग एकानं खडी उचलली. रस्त्याचं काम दोन सालापासनं चालू असल्यामुळं खडीला काय तोटा नव्हता. साहेब शिट्टी फुंकायला, शिपाई काठ्या सावरायले, आन तात्या रिक्षात माझ्या मांडीला चिमटे काढून फुसफुसायला, "बोल काहीतरी! थांबव त्यांला!"

काय बोलू? ज्याच्या हातात दगड हाय असा माणूस मी पैल्यांदाच एवढ्या जवळनं बघायलतो, आन तो माझ्याच रिक्षाकडं बघायलता. भ्यालेल्या माणसाच्या तोंडातनं देवाचं नाव निघतंय म्हणतेत. माझ्या तोंडातनं म्हातारा आचारी निघाला.

"चला मंडळीऽऽ, पुरुषांची पंगत बसतीय! हात धुवून घ्या! वांग्याची भाजी गरम हाय, जिलेबी मोजकी हाय, मागं ऱ्हाऊ नकाऽऽ!"

वर उगारलेले हात तसेच थांबले.

सकाळपासनं उन्हात. दोन्हीकडं चहाशिवाय काय दिलेलं न्हाई. आन मागच्या कार्यालयातनं लसणाच्या फोडणीचा वास तर यायलताच. खडीवाल्यानं खडी खाली टाकली, हात पँटीला पुसले आन इचारलं, "कुटं?"

मंग जी पळापळ झाली! टीव्हीवर दाखवतेत तशीच, लोक सैरावैरा, चपला इकडंतिकडं, झेंडे पडलेले. फक्त सगळे एकाच दिशेनं. पत्रकार बी.

कार्यालयाच्या मांडवात बस्करं आधीच टाकलेली. दोन्ही मोर्चे जसे चौकात समोरासमोर व्हते तसेच समोरासमोर बसले. झेंडे ढुंगणाखाली. वाढप्यांनी माणसं बघितली आन सवयीनं पत्रावळ्या टाकत सुटले. त्यांला वाटलं, नवरदेवाकडची दुसरी गाडी आली.

नवरीचा बाप धावत आला. बघतो तर तात्या. बघतो तर नाना. मागनं साहेब, बंदोबस्त करत करत आत शिरलेला. मंग त्याच्या डोळ्यात काय चमकलं देव जाणे, त्यानं साहेबाचा हात धरला आन, "साहेब, दारी आलात, तसं पाठवीत नसतो," असं म्हणत तात्या आन नानाच्या मधी नेऊन बसवला. साहेब नको नको म्हणस्तोवर त्याच्या पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, वरून तूप पडलं.

आता आमच्याकडची एक रीत तुमाला ठाऊक नसन तर सांगतो. वाढलेल्या पानावरून उठायचं नसतंय. अन्नाचा अपमान. आन घरधनी पंगतीच्या मधी येऊन हात जोडून 'व्हऊ द्या' म्हणत न्हाई तवर कुणी घासाला हात लावायचा नसतंय. कोण कितीबी भुकेला असू द्या, कितीबी मोठा पुढारी असू द्या.

सगळ्यांची पानं वाढून झाली. भाजीच्या वाफा निघायलेल्या. घरधनी पंगतीच्या मधी आला, हात जोडले, आन सगळे पुढं वाकले.

"मंडळी," तो म्हणला, "तुमी माझ्या दारी आलात, आनंद हाय. कोण कुणीकडचा, मी इचारत न्हाई. पण माझ्या लेकीचं मणीमंगळसूत्र आन ते करणारा माणूस, दोन्ही ह्या साहेबाकडं अडकलेत. ते आल्याबिगर मी व्हऊ द्या म्हणणार न्हाई."

आन तो तितंच खुर्ची घेऊन बसला.

साहेब उठायला गेला, तर मागनं वाढपी वराडला, "साहेब, पानावरून उठू नका!" दचकून साहेबाचा गुडघा द्रोणाला लागला, आन ती वर सांगितलेली जखम झाली. साहेब खाली बसला.

"अहो, हे बरोबर नाही," साहेब म्हणला. "मी म्हटलंय, गावातल्या दोन मोठ्या माणसांनी सांगितलं तर लगेच सोडतो. आणा कोण ते."

घरधन्यानं नुसतं साहेबाच्या डाव्या बाजूला बघितलं, मंग उजव्या बाजूला बघितलं.

तात्या पत्रावळीकडं बघायला. नाना मांडवाच्या कापडाकडं बघायला. सगळी पंगत त्या दोघांकडं बघायली.

तात्याच्या रांगेतनं आवाज आला, "तात्या, सांगा की बे, भाताला साय धरायली!"

समोरून आला, "नाना, आमी काय उपास धरला का?"

"तुमच्या नानाला बोलायला नाक पायजे!"

"आन तुमच्या तात्याला गळा!"

मुकादम मधीच म्हणला, "आरं, जिलेबी कुरकुरीत हाय तवर काय ते ठरवा."

तात्याला ऱ्हाववलं न्हाई. तो फुसफुसला, "मी वळखतो त्याला."

मागच्यांनी कान टवकारले. "हे कोण बोलायलंय?"

"तात्या."

"हॅट, तात्याचा आवाज असा असतो का? सकाळपासनं ऐकायलाव आमी." आन एकजण माझ्याकडं बोट करून तात्याला म्हणला, "ओ काका, तुमी गप बसा, तात्याला बोलू द्या."

तात्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझं पोट तितंच भरलं. पण नाइलाज व्हता. मी त्याच्या मागं उकिडवा बसलो आन त्याच्या तोंडाबरुबर तोंड लावून त्याच्याच आवाजात म्हणलं, "बांधवांनोऽऽ, खुं खुं, मी वळखतो त्याला! चांगला माणूस हाय!" तात्यानं नुसती मान हालवली, तेवढी त्याची स्वतःची.

तात्यानं वळखलं म्हणल्यावर नाना कसा मागं राहणार? "म्हंजे बघा, मी तात्याच्या आधी वळखतो! माझ्या लग्नातली अंगठी त्याच्या हातची हाय!"

"तो माझ्या घरच्यासारखा हाय!" मी तात्या म्हून म्हणलो.

"माझ्या घरच्यासारखा न्हाई, माझ्या घरचाच हाय!"

"उद्या त्याला कुणी हात लावला तर मी रस्ता रोखन!" हे मी तात्याला न इचारताच ठोकून दिलं. तात्यानं मागं हात घालून माझ्या पोटरीला पिळा घातला, पण टाळ्या पडल्यावर त्यानं लोकांला नमस्कार बी केला.

साहेबानं कपाळावरचा घाम पुसला. "पुरे. दोघांचीही जबाबदारी?"

"हो!" दोन्ही रांगा वराडल्या. त्यांला कुणी इचारलं नव्हतं.

साहेबानं पानावर बसूनच ठाण्यात फोन लावला. थोड्या वेळानं शिपायाच्या मोटारसायकलवर मागं बसून दादा आला, खोलीचं सील काढून, हातात तो लाल कागदाचा पुडा. येवढी माणसं बघून गडी पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आता ह्यांच्या पुढं उभा करतेत. शिपाई त्याला म्हणला, "भिऊ नको, सगळे जेवायला बसलेत."

वाट्या मण्यात ओवायच्या राहिल्या व्हत्या. दादा मांडवाच्या खांबाला टेकून बसला आन ओवायला लागला. सगळी पंगत श्वास धरून त्याच्या बोटाकडं बघायली. तीन दिवस ज्याच्या नावानं बोंबललो त्याला आमच्या गावानं येवढं नीट कधी बघितलं नसन. गाठ मारून झाली तसा त्यानं पुडा नवरीच्या बापाच्या हातात ठेवला. बापानं ते कपाळाला लावलं, डोळे पुसले, वळला आन म्हणला, "व्हऊ द्या मंडळी, सावकाश."

सावकाश कुणीच केलं न्हाई.

बापानं दादाला बी बसवलं, साहेबाच्या समोर. त्यानं आधी वरणभात इकडून तिकडं ढकलला, मंग हळूहळू खायला लागला. नानानं स्वतः उठून त्याला जिलेबी वाढली. ते बघून तात्यानं दोन वाढल्या. मंग नानानं चार. दादा हातानं नको नको करायला, पण दोन पुढाऱ्यांच्या आग्रहापुढं कुणाचं काय चालतंय? लगीन त्यानंतर लागलं. अक्षता टाकायला दोन्ही मोर्चे हजर.

तिकडच्या ठाण्याचा मेल पुढच्या आठवड्यात आला. साहेबानं मोबाइलवर वाचला आन 'ठीक आहे' म्हणला. तीन दिवसाच्या राड्याला दोन शब्द.

दादाला घेऊन मी दिवेलागणीला गल्लीत आलो. छाती फुगवून. मला वाटलं, वहिनी आता ओवाळती का काय. वहिनी दारातच उभी. तिनं आधी दादाकडं बघितलं, वरपासनं खालपर्यंत, कुटं काय लागलंय का म्हून. मंग पोरीला त्याच्या अंगावर ढकललं. मंग दादानं मोठ्ठा ढेकर दिला, आन वहिनी माझ्याकडं वळली.

"जेवून आणलास ह्याला?"

"लग्नात, वहिनी. जिलेबी..."

"जिलेबी! तीन दिवस माझ्या नरड्याखाली घास उतरला न्हाई. हा आज येणार का बीडला जाणार, कुणी सांगना. मी ठाण्यातनं आले तशी गेवराईवाल्या भोयाच्या मागं लागून नदीचा मासा आणला, कालवण केलं, भात टाकला, चुलीपुढं बसून राहिले. आन तू ह्याला जिलेबी चारून आणतूस? एक फोन करता आला न्हाई? दिवसभर तोंड बंद नसतं तुजं, आन जितं उघडायचं तितं कुलूप?"

"वहिनी, माझ्या आवाजामुळंच तर..."

"गप! तुज्या आवाजाचं नको सांगू मला. भिंतीपलीकडं रोज तुजा खोकला ऐकते मी. त्या भोंग्यावर 'हाकला, हाकला' म्हून कोण बोंबलायलं, हे मला कळलं नसन व्हय? माझी पोरगी इचारती, आई, आपला काका आपल्याला कावून हाकलायलाय? काय सांगू मी तिला, तो नुसता आवाज काढतो? दोन शब्द बोलायला आख्ख्या गावात माणूस गावना, आन तुज्याकडं सगळ्यांचे आवाज. तुजा सवताचा कुटाय?"

मी मान खाली घातली. पण तीन दिवस न जेवलेल्या बाईच्या तोंडून एवढं खणखणीत ऐकून मला हसू फुटलं, आन ते तिला दिसलं.

"हसतूस कावून बे? हात धू. तुज्या आईला बी बोलव, सगळ्यांपुढं सांगते तिला. आन उद्या सकाळी त्या दोघांच्या दारी जायचं, दोन्ही रिक्षांचे भोंगे उतरवून आणायचे, मंगच माझ्या दारात उभं ऱ्हायचं. न्हाई तर ह्या गल्लीतनं पैलं तुला हाकलते, कागद न बघता!"